सायकलस्वाराला वाहनाची धडक बसल्यास: गोव्यात नुकसानभरपाईचा दावा कसा करावा

पहाटे पावाची टोपली लावून, भोंगा वाजवत वाड्यावाड्यांवर फिरणारा पोदेर, वेर्णा औद्योगिक वसाहतीत पाळीला निघालेला कामगार आणि रविवारी दिवाडीच्या फेरीबोटीत महागडी सायकल चढवणारा हौशी सायकलपटू, हे तिघेही मोटार वाहन कायद्याच्या नजरेत सारखेच असतात. वाहनमालक आणि विमा कंपनी यांच्यातील कराराबाहेरची ती 'तिसरी व्यक्ती' असते, आणि तिच्यासाठीच प्रत्येक मोटार वाहनाला तृतीय पक्ष विमा सक्तीचा केलेला आहे. सायकल हे मोटार वाहन नव्हे, त्यामुळे सायकलस्वाराला परवाना, नोंदणी, विमा यांपैकी काहीही लागत नाही आणि मोटार वाहन कायद्यातील हेल्मेटसक्तीही त्याला लागू नाही. तरीही अपघातानंतर रस्त्यावर "तुझ्याकडे कागद काय आहेत?" असा दरडावणीचा प्रश्न सायकलवाल्यालाच विचारला जातो आणि बरेच जण त्यानेच गांगरून माघार घेतात.

माझ्या धाकट्या भावाचा दावा चालू असताना तो अंथरुणाला खिळलेला होता, त्यामुळे पोलीस स्थानक, इस्पितळ आणि न्यायालय या सगळ्या खेपा मला घालाव्या लागल्या. त्यातून एक गोष्ट पुरती ध्यानात आली. दाव्याचा निकाल लागायला वर्षे लागत असली, तरी त्याचे भवितव्य पहिल्या काही दिवसांत कोणत्या कागदावर कोणी काय लिहिले यावर अवलंबून असते, आणि वकील भेटतो तेव्हा ते लिहून झालेले असते. म्हणून या लेखात आरंभीच्या पायऱ्यांना जास्त जागा दिली आहे.

मोटार वाहनाचा संबंध नसलेले अपघात, म्हणजे खड्ड्यात पडणे किंवा मोकाट गुरांना धडकणे, या मार्गात बसत नाहीत. मात्र उभ्या मोटारीचे दार अचानक उघडल्यामुळे झालेला अपघात बसतो. पणजीत अठरा जून रस्त्यावरून सायकल चालवणाऱ्याला हे मुद्दाम सांगायला हवे, कारण गाडी उभी होती म्हणजे चालकाचा दोष नाही, असा समज सर्रास आढळतो.

१. अपघाताच्या जागी

रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक लावावेत. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना खबर देणे हे कायद्याच्या १३४व्या कलमानुसार चालकाचे कर्तव्य आहे. जखमीला मदत करणाऱ्या वाटसरूला १३४-अ कलमाचे संरक्षण असून त्याला साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही, हे जमलेल्या लोकांना कोणीतरी सांगितले तर मदतीला चार हात अधिक पुढे येतात.

वाहनाच्या क्रमांकाचे छायाचित्र ताबडतोब काढावे आणि पाटीचा रंगही पाहावा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतील तर ते भाड्याने देण्याची परवानगी असलेले वाहन होय. पाटी पांढरी आणि चालक पर्यटक असेल, तर ते वाहन त्याला कोणी दिले, किती भाड्याने दिले हे तेथेच विचारून टिपून ठेवावे. खासगी वाहन बेकायदा भाड्याने दिलेले असल्यास विमा कंपनी पुढे अटींच्या भंगाचा मुद्दा काढते आणि चालक तोवर आपल्या गावी परतलेला असतो.

सायकल उचलण्यापूर्वी ती पडली आहे तशीच, आजूबाजूच्या खुणांसह, छायाचित्रात यायला हवी. टायर घासल्याच्या रेषा, काचांचा चुरा आणि जवळच्या वीजखांबाचा क्रमांक यांचा पुढे फार उपयोग होतो. साक्षीदार शोधताना पायलट (म्हणजे मोटारसायकल टॅक्सी चालवणारे), टॅक्सी थांब्यावरचे चालक आणि गाड्यावाले यांना आधी विचारावे, कारण ते रोज त्याच जागी असतात आणि वर्षभराने शोधले तरी सापडतात. समोरच्या दुकानाचा किंवा पेट्रोल पंपाचा सीसीटीव्ही कॅमेरा असेल, तर त्याचे चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते. ते जपून ठेवावे असा लेखी अर्ज त्याच दिवशी पोलीस स्थानकात द्यावा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी.

येथला सर्वांत मोठा सापळा म्हणजे जागेवरची तडजोड. चालक खिशातून काही नोटा काढतो, बघे "मिटवून टाका" म्हणतात आणि जखमीही, अंग अजून गरम असल्यामुळे, आपल्याला फारसे लागलेले नाही असे समजतो. डोक्याचा मार किंवा मनगटाचे बारीक हाड मोडल्याचे दुसऱ्या दिवशी कळते, तेव्हा हातात फक्त सही केलेली चिठ्ठी उरलेली असते. तडजोड करायचीच असेल तर ती एक्स-रे निघाल्यानंतर करावी, आणि रस्त्यावर कोणत्याही कागदावर सही करू नये.

२. इस्पितळात: केसपेपरवरील पहिली ओळ

गंभीर जखमीला बहुधा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे गोमेकॉत, नेले जाते. म्हापसा आणि मडगाव येथील जिल्हा इस्पितळांतही जखमी दाखल होतात. कोठेही नेले तरी तातडीच्या विभागातील डॉक्टर पहिली नोंद करतात ती दुखापत कशी झाली याची, आणि ती माहिती जखमीसोबत आलेला माणूस देतो. आमच्या बाबतीत भावाला घेऊन आलेल्या भल्या माणसाने धडक पाहिलेली नव्हती. त्याने "सायकलवरून पडला" असे सांगितले आणि केसपेपरवर तेवढेच उतरले. इस्पितळाचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण हे कोठेही घडते. विमा कंपनीच्या वकिलाने मात्र उलटतपासणीत त्या एका ओळीवर किती तरी वेळ घालवला: वाहन लागलेच नव्हते, जखमी आपणहून घसरला, असा त्याचा रोख होता.

म्हणून जखमी शुद्धीवर असेल तर त्याने, नसेल तर नातेवाइकाने पोहोचताच डॉक्टरांना स्पष्ट सांगावे की अमुक प्रकारच्या वाहनाने, अमुक ठिकाणी, अमुक वेळी सायकलला धडक दिली, आणि हे प्रकरण एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायचे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण, म्हणून नोंदवावे. क्रमांक माहीत असल्यास तोही लिहून घेण्याची विनंती करावी. नोंद आधीच चुकीची झाली असेल तर केसपेपरवर खाडाखोड करून घेऊ नये, कारण तीच पुढे संशयाचे कारण होते. त्याऐवजी वैद्यकीय अधीक्षकांना लेखी अर्ज देऊन खरी हकीकत नोंदवावी, पोच घ्यावी आणि पोलिसांना दिलेल्या जबाबातही तीच हकीकत येईल असे पाहावे.

उपचारखर्चासाठी केंद्र सरकारची २०२५ची रोकडरहित उपचार योजना आहे. तिच्यानुसार निर्देशित रुग्णालयात अपघाताच्या तारखेपासून जास्तीत जास्त ७ दिवस आणि १.५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार जखमीने पैसे न भरता व्हायला हवेत. खासगी रुग्णालयात दाखल होताना हे रुग्णालय या योजनेत आहे का, असे नाव घेऊनच विचारावे.

३. पोलीस स्थानकात

एफआयआर शक्य तितक्या लवकर नोंदवावी. जखमी स्वतः जाऊ शकत नसेल तर घटना माहीत असलेली कोणतीही व्यक्ती खबर देऊ शकते. हद्दीचे कारण सांगून कोणी परत पाठवू लागल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३व्या कलमाचा उल्लेख करावा, कारण गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी खबर नोंदवून घेणे त्या कलमाने बंधनकारक केले आहे. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. खबर उशिरा दिली तर दावा आपोआप बुडत नाही, पण उशिराचे कारण पहिल्याच जबाबात लिहिलेले असावे.

घटनास्थळाचा पंचनामा आणि नकाशा होताना आपला माणूस तेथे हजर असणे फार मोलाचे असते. फीत धरून रस्त्याची रुंदी, धडकेची जागा आणि रस्त्याच्या कडेपासूनचे अंतर मोजले जाते आणि सायकल कोणत्या बाजूला होती ते या नकाशावरून ठरते. बिंदू एका बोटाने मध्यरेषेकडे सरकला, तरी "सायकलस्वार रस्त्याच्या मधोमध होता" असा अर्थ काढायला वाव राहतो. त्यामुळे काय मोजले आणि काय लिहिले ते वाचून पाहावे.

सायकल पोलिसांच्या ताब्यात गेली तर तिच्या नुकसानीची नोंद पंचनाम्यात करून घ्यावी, आणि ताब्यात गेली नाही तर ती दुरुस्त करू नये, भंगारातही देऊ नये. मागचे चाक वाकलेले असेल तर धडक मागून बसली हे सायकलच सांगते. शिवाय सायकलची किंमतही दाव्यात मागता येते, म्हणून खरेदीचे बिल शोधून ठेवावे.

४. पोलिसांचा अपघात अहवाल

१ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत प्रथम अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. जखमीचे हक्क सांगणारा नमुना क्रमांक २ त्याने १० दिवसांत आपल्याला द्यायचा असतो, आणि नमुना क्रमांक ६ मध्ये आपली माहिती आपण त्याला द्यायची असते. कायद्याने या अहवालालाच दाव्याचा अर्ज मानण्याची सोय केली आहे. माझे मत विचाराल तर त्या सोयीवर विसंबून बसू नये. अहवालाचा पाठपुरावा करावा आणि आपला स्वतंत्र दावाही मुदतीत दाखल करावा.

५. कोणत्या कलमाखाली मागायचे

वाहन सापडले असेल तर दोन मार्ग आहेत. १६४व्या कलमाखाली चालकाचा दोष सिद्ध न करता ठरावीक रक्कम मिळते: गंभीर दुखापतीसाठी २.५ लाख आणि मृत्यूसाठी ५ लाख रुपये. १६६व्या कलमाखाली चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, पण रकमेला अशी मर्यादा नसते. हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापतच आहे. सापळा असा की १६४व्या कलमाखालची रक्कम तडजोडीने स्वीकारली की १६६खालचा दावा संपुष्टात येतो. कायमचे अपंगत्व येण्याची शक्यता असताना विमा कंपनीचा अधिकारी घाईने रक्कम देऊ करत असेल, तर डॉक्टरांचे अंतिम मत येईपर्यंत होकार देऊ नये.

१६६व्या कलमाखालच्या दाव्याची मुदत अपघातापासून ६ महिने आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले असून, केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला आहे. अंतरिम आदेश हा अंतरिमच असतो, तेव्हा दिनदर्शिकेवर सहा महिन्यांचीच खूण करावी.

वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तर १६१व्या कलमाखाली गंभीर दुखापतीसाठी ५० हजार आणि मृत्यूसाठी २ लाख रुपये मिळतात. हा अर्ज न्यायालयात नव्हे, तर महसूल खात्याकडे जातो. चौकशी उपजिल्हाधिकारी किंवा मामलेदार दर्जाचा अधिकारी करतो आणि मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळते. महिनाभरात वाहनाचा छडा लागला नाही, तर या योजनेची माहिती पोलिसांनी जखमीला लेखी कळवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये बजावले आहे. ते पत्र आपणहून मागून घ्यावे. पुढे वाहन सापडून पूर्ण भरपाई मिळाली तर ही रक्कम परत करावी लागते.

६. जमवायची कागदपत्रे

- एफआयआर, पंचनामा, घटनास्थळाचा नकाशा आणि आरोपपत्र यांच्या प्रमाणित प्रती
- वाहनाचे नोंदणीपत्र, विमा पॉलिसी आणि चालकाचा परवाना यांच्या प्रती. पोलिसांकडून न मिळाल्यास वाहन क्रमांकावरून परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर किमान विम्याची वैधता पाहता येते
- केसपेपर, एक्स-रे, शस्त्रक्रियेची टिपणे, डिस्चार्ज कार्ड
- औषधांची, फिजिओथेरपीची आणि येण्या-जाण्याची मूळ बिले
- सरकारी वैद्यकीय मंडळाचे अपंगत्व प्रमाणपत्र
- उत्पन्नाचा पुरावा आणि वयाचा पुरावा
- ओळखपत्र, पॅन कार्ड, बँकेचे पासबुक
- सायकलचे खरेदी बिल आणि दुरुस्तीचा अंदाज

वैद्यकीय विम्यासाठी मूळ बिले कंपनीकडे जातात, तेव्हा त्यांच्या प्रमाणित प्रती आधीच काढून ठेवाव्यात. टॅक्सीवाला सहसा पावती देत नाही, म्हणून तारीखवार वही ठेवावी आणि जमेल तेथे पैसे फोनवरूनच द्यावेत.

उत्पन्नाचा पुरावा हा पोदेर, मासेविक्रेते किंवा गवंडीकाम करणारे यांच्यासाठी अवघड भाग असतो. पगारपत्रक नसले म्हणून उत्पन्न शून्य धरले जात नाही. न्यायाधिकरण निदान किमान वेतनाचा आधार घेते. पण खरे उत्पन्न त्याहून जास्त असेल तर बेकरीमालकाची साक्ष, उधारीची वही, बँकेतील जमा रकमा असे काहीतरी समोर ठेवावे लागते. नुसते प्रमाणपत्र जोडून भागत नाही, ते देणाऱ्याने साक्षीला यावे लागते.

७. दावा कोठे आणि कोणामार्फत

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दाखल होतो आणि त्याचे काम जिल्हा न्यायालयात चालते. अपघाताची जागा, दावेदाराचे राहण्याचे किंवा व्यवसायाचे ठिकाण आणि प्रतिवादीचे ठिकाण यांपैकी कोणत्याही हद्दीत तो करता येतो. त्यामुळे सिंधुदुर्ग किंवा बेळगावहून गोव्यात कामाला आलेला माणूस आपल्या जिल्ह्यातही दावा करू शकतो. चालक, नोंदणीकृत मालक आणि विमा कंपनी या तिघांनाही प्रतिवादी करावे. वाहन विकले गेले असले तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे, तोच कायद्याने मालक ठरतो.

भरपाईचा ठरावीक हिस्सा फी म्हणून मागणारा वकील टाळावा, कारण बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला असा करार करता येत नाही. इस्पितळाच्या दारात चिठ्ठी देऊन जाणारे मध्यस्थ तर हमखास टाळावेत. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना, उत्पन्न कितीही असले तरी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळू शकतो.

८. रक्कम कशी मोजतात

जखमीच्या दाव्यात उपचारखर्च, प्रवास, सकस आहार, मदतनीस, बुडालेली कमाई, पुढील उपचार, वेदना आणि जगण्यातील आनंदाची हानी ही कलमे स्वतंत्रपणे मागायची असतात. एकही कलम अर्जातून गळू देऊ नये. कायमचे अपंगत्व आल्यास सर्वांत मोठी रक्कम भविष्यातील कमाईच्या नुकसानीची असते.

समजा, ३८ वर्षांच्या पोदेराचे मासिक उत्पन्न १५,००० रुपये धरले गेले. स्वयंरोजगार आणि वय ४०च्या आत, म्हणून भविष्यातील वाढीपोटी ४० टक्के मिळवून ते २१,००० होते, म्हणजे वर्षाला २,५२,०००. ३६ ते ४० या वयोगटाचा गुणक १५ आहे, त्याने गुणल्यास ३७,८०,००० येतात. कमाईच्या क्षमतेतील घट २० टक्के मानली तर या एका कलमाखाली ७,५६,००० रुपये होतात. हा गुणक सरला वर्मा खटल्यातील २००९च्या निकालाने आणि भविष्यातील वाढीची टक्केवारी प्रणय सेठी खटल्यातील २०१७च्या निकालाने ठरवून दिली आहे.

यात कळीचा आकडा शेवटचा आहे. प्रमाणपत्रावरील टक्केवारी आणि कमाईतील घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१०च्या निकालात स्पष्ट झाले आहे. गुडघा आखडला तर टेबलावर काम करणाऱ्या कारकुनाची कमाई फारशी घटत नाही, पण सायकलवरून पाव विकणाऱ्याचा धंदाच बसू शकतो. म्हणून रोज किती अंतर, किती ओझ्यासह, कोणत्या चढावरून सायकल चालवावी लागत होती, हे साक्षीत तपशिलाने यावे, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला बोलवावे.

९. विमा कंपनीचे नेहमीचे बचाव

सायकलला दिवा किंवा परावर्तक नव्हता, ती उलट्या बाजूने येत होती, दोघे जोडीने चालवत होते, असे मुद्दे काढून सहभागी निष्काळजीपणाची, म्हणजे अपघातात जखमीचाही दोष असल्याची, टक्केवारी भरपाईतून कापण्याचा प्रयत्न होतो. त्यात काही तथ्य असल्यास लपवू नये, पण नुसता आरोप पुरत नाही, तो कंपनीने सिद्ध करावा लागतो. चालकाकडे परवाना नव्हता हा दुसरा बचाव. अशा वेळी स्वरणसिंग खटल्यातील २००४च्या निकालाचा आधार घेऊन, कंपनीने आधी जखमीला पैसे द्यावेत आणि मागाहून मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश मागता येतो. फौजदारी खटल्यात चालक सुटला तरी दावा संपत नाही, कारण येथे पुराव्याचा निकष सौम्य असतो.

लोकअदालतीत प्रकरण ठेवण्याची सूचना आली तर आपला हिशेब हातात ठेवून जावे. तेथे झालेल्या निवाड्यावर अपील नाही.

१०. निकालानंतर

रकमेवर सामान्यतः दावा दाखल झाल्याच्या तारखेपासून व्याज मिळते, म्हणून दाखल करायला उशीर करणे म्हणजे व्याजही घालवणे होय. मोठ्या रकमेचा काही भाग न्यायाधिकरण मुदतठेवीत ठेवायला सांगते. शस्त्रक्रियेसाठी किंवा धंद्यासाठी पैसे आधी हवे असल्यास कारणासह अर्ज करता येतो. निकाल मान्य नसेल तर ९० दिवसांत मुंबई उच्च न्यायालयाच्या पर्वरी येथील गोवा खंडपीठाकडे अपील करावे लागते, मात्र वादातील रक्कम १ लाख रुपयांहून कमी असेल तर अपील होत नाही. वाहनाचा विमाच नसेल आणि मालक पैसे देत नसेल, तर १७४व्या कलमाखाली न्यायाधिकरणाकडून वसुली प्रमाणपत्र मागावे. त्यावरून जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करतात. त्यासाठी मालकाच्या नावावरील मालमत्तेचा, विशेषतः जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्याचा तपशील अर्जासोबत दिल्यास काम लवकर पुढे सरकते.